घास कोठे अडतो?

विद्यार्थी मित्रांनो, ऐन पावसाळ्यात तुम्ही कधी राधानगरीला गेला आहात काय? छत्रपती शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधावयास घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठराविक पातळीला पोचले, की पाण्याच्याच दाबाने एकेक दरवाजा उघडतो. पातळी उतरली, की तो आपोआप मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. सातही दरवाजे उघडले, तर सुमारे १०,००० घनफूट होते. म्हणूनच पावसाळ्यात साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याचे कान 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले?' या बातमीकडे लागलेले असतात.

आता एक प्रश्न. पाणी वाढतेच आहे आणि दरवाजे उघडतच नाहीत, असे झाले तर काय होईल? पाण्याचा दाब भिंतीवर वाढत जाईल, आणि भिंतीत जेथे कच्ची जागा असेल तेथे तो आपला जोर दाखवील. धरणाच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून अभियंते रात्रंदिवस दक्ष असतात. पण नेमका हाच प्रकार कधी कधी आपल्या छातीत, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी घडतो. त्यातून अन्ननलिकेला बाजूने एक पिशवी फुटते. ही पिशवी कशी होते, डॉक्टर ती कशी ओळखतात आणि शस्त्रक्रियेने ती कशी दूर करतात, ते आज आपण पाहू.

आजोबांची उशी

कल्पना करा, दाजीपूरच्या वाटेवरील एका वाडीत साठी ओलांडलेले एक आजोबा राहतात. गेली दोन-तीन वर्षे त्यांचा घास छातीच्या मध्यभागी अडतो. भाकरीच्या प्रत्येक तुकड्यामागे त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागतो. वजन उतरले आहे. रात्री आडवे झाले, की ठसका लागतो. थंडीतापाने ते वर्षात दोनदा अंथरुणाला खिळले. घरची माणसे म्हणतात, 'पित्त झाले आहे, सोडा घ्या.' शेजारच्या आजी म्हणतात, 'कोणाची तरी दृष्ट लागली.'

आजोबांची नात नववीत शिकते. एके दिवशी सकाळी उशीचा अभ्रा धुवायला काढताना तिला त्यावर भाताची शिते दिसली. ती जशीच्या तशी होती, आणि त्यांना आंबट वासही नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, हा तर कालच्या रात्रीचा भात! पोटात गेला असता, तर असा कसा राहिला असता?"

मित्रांनो, नातीने जो प्रश्न विचारला, तोच डॉक्टरही विचारतात. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तेथे गेलेले अन्न काही तासांनी परत वर आले, तर ते आंबट-कडू लागते आणि अर्धवट पचलेले असते. ही शिते गोडी होती. म्हणजे अन्न जठरात पोचलेलेच नव्हते! मग रात्रभर ते होते कोठे? घशापासून जठरापर्यंतच्या वाटेवर कोठे तरी ते मुक्कामाला राहिले असले पाहिजे. चला, ती वाट तपासू.

पंचवीस सेंटीमीटरची वाट

मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते. ती घशातून निघते, श्वासनलिकेच्या मागून छातीत उतरते, श्वासपटलातील एका छिद्रातून पोटात शिरते आणि जठराला मिळते. तिच्या भिंतीत आतल्या बाजूला मऊ, ओलसर श्लेष्मल अस्तर असते. त्याच्या बाहेर स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थरातील तंतू नळीभोवती कड्यासारखे गुंडाळलेले, तर बाहेरच्या थरातील तंतू नळीच्या लांबीने उभे असतात.

घास गिळल्यावर तो केवळ वजनाने खाली पडतो, असे तुम्हास वाटत असेल. तसे नाही. घासाच्या मागचा स्नायू आवळतो आणि पुढचा सैल होतो. मग त्याच्या पुढचा आवळतो. अशी आकुंचनाची लाट सेकंदाला सुमारे २ ते ४ सेंटीमीटर वेगाने खाली सरकत जाते. या क्रियेस क्रमसंकोच म्हणतात. त्यामुळेच माणूस आडवा झाला तरी, किंवा अवकाशयानात वजनरहित अवस्थेत असला तरी, गिळू शकतो.

नळीच्या अगदी तळाशी काही सेंटीमीटर लांबीचा स्नायू सतत आवळलेला असतो. हाच आपला दरवाजा. त्याला परिसंकोची स्नायू म्हणतात. तो जठरातील आम्ल वर येऊ देत नाही. निरोगी माणसात त्याचा दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटर उंचीइतका असेल, तर तो पाण्याच्या सुमारे २० सेंटीमीटर उंच स्तंभाच्या दाबाइतका झाला. घास गिळताक्षणीच हा दरवाजा सैल होतो, लाट पोचेपर्यंत उघडा राहतो आणि घास गेला की पुन्हा मिटतो.

येथे एक फरक नीट लक्षात ठेवा. राधानगरीचा दरवाजा पाण्याच्या दाबाने उघडतो. अन्ननलिकेचा दरवाजा मात्र मज्जातंतूंच्या आज्ञेने उघडतो. नळीच्या भिंतीतच मज्जापेशींचे जाळे असते. त्यातील काही पेशी 'आवळ' असा निरोप देतात, तर काही 'सैल हो' असा. सैल करणाऱ्या पेशीच नष्ट झाल्या, तर दरवाजा उघडत नाही. या विकाराला ॲकॅलेशिया म्हणतात. काही माणसांत दरवाजा ठीक असतो, पण लाटच बेशिस्त होते. नळीचा खालचा भाग एकदम आणि फार जोराने आवळतो. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच: नळीच्या खालच्या भागात दाब वाढतो.

राधानगरीच्या अभयारण्यात राहणाऱ्या गव्याचीही येथे आठवण होते. गवा रवंथ करतो. चारा घाईघाईने गिळून तो नंतर निवांतपणे पुन्हा तोंडात आणतो. त्यासाठी त्याच्या अन्ननलिकेत खालून वर जाणारी लाटही उठते. गव्याची वाट दुहेरी आहे, माणसाची एकेरी. माणसाच्या तोंडात घास वारंवार परत येऊ लागला, तर ते रवंथ नव्हे, तो बिघाड समजावा.

पिशवी होते कशी?

तुम्ही सायकलच्या टायरला चीर पडलेली पाहिली असेल. तेवढ्या चिरेतून आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. ट्यूब फाटलेली नसते. टायरचा आधार तेवढ्या जागी सुटल्यामुळे आतल्या हवेचा दाब तिला बाहेर ढकलतो. अन्ननलिकेतही असेच होते. स्नायूंचा थर म्हणजे टायर, आतले अस्तर म्हणजे ट्यूब. खालचा दरवाजा नीट उघडत नसेल आणि दाब वर्षानुवर्षे वाढत राहिला, तर स्नायूंतील एखाद्या दुबळ्या जागेतून अस्तर बाहेर फुगते. ही पिशवी बहुतेक वेळा श्वासपटलाच्या वर, नळीच्या शेवटच्या १० सेंटीमीटरमध्ये आणि बहुधा उजव्या बाजूला आढळते.

एकदा फुगलेली पिशवी वाढत का जाते, याचे उत्तर भौतिकीत आहे. फुग्यासारख्या पोकळ वस्तूच्या भिंतीवरील ताण हा आतील दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दाब तोच ठेवून त्रिज्या दुप्पट झाली, की ताणही दुप्पट होतो. म्हणजे पिशवी जसजशी मोठी होते, तसतसा तिच्या पातळ भिंतीवर ताण वाढतो आणि ती आणखी फुगते. त्यात तिच्या भिंतीवर स्नायूंचे भक्कम कवच नसल्यामुळे ती स्वतःला रिकामीही करू शकत नाही. गिळलेले अन्न तीत साठते. आजोबा आडवे झाले, की ते उलट वाहून घशाशी येते.

आता खरा धोका पाहा. झोपेत घशाशी आलेले हे अन्न श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसांत जंतूंचा संसर्ग होतो. आजोबांचा वारंवार येणारा ताप कदाचित यातूनच आलेला असेल. म्हणजे 'पित्त' म्हणून ज्याकडे काणाडोळा केला, ते पुढे न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकते.

हा विकार दुर्मिळ आहे आणि मुख्यतः उतारवयात आढळतो. पण घास अडणे हे लक्षण दुर्मिळ नाही, आणि मोठ्या माणसात ते कधीही दुर्लक्षू नये. अन्ननलिकेच्या कर्करोगातही घास अडतो. तेव्हा आजार कोणता, हे तपासूनच ठरविले पाहिजे, अंदाजाने नव्हे.

रोगाचा माग: तीन तपासण्या

नातीचे म्हणणे तालुक्याच्या डॉक्टरांनी लक्षपूर्वक ऐकले आणि आजोबांना कोल्हापूरला पाठविले, असे समजू. तेथे तीन तपासण्या होतील.

पहिली तपासणी क्ष-किरणांची. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना गिळावयास लावून घास नळीतून कसा सरकतो, ते या किरणांच्या साह्याने पाहण्यास आरंभ केला. मऊ अन्न क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून त्याने हंसाच्या खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला. जड मूलद्रव्ये क्ष-किरण अडवितात, त्यामुळे घासाची काळी सावली पडद्यावर उमटली. आज त्याजागी बेरियम सल्फेट वापरतात. बेरियमचा अणुक्रमांक ५६ आहे.

येथे रसायनशास्त्राच्या वर्गातील एक गोष्ट आठवा. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात. मग रुग्णाला बेरियम पाजतात कसे? कारण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जठरातील आम्लातही नाही. ते शरीरात न शोषले जाता जसेच्या तसे बाहेर पडते. प्रयोगशाळेत सल्फेट ओळखण्यासाठी तुम्ही जो पांढरा साका पाडता, तोच हा पदार्थ!

आजोबा हे पांढरे दुधासारखे मिश्रण उभ्याने पितात आणि डॉक्टर पडद्यावर पाहतात. बेरियम खाली उतरते. पण तळाशी थबकते. बाजूला एक गोल थैली भरताना दिसते. तिची मापे, तिचे तोंड, तिची उंची सारे चित्रात उमटते.

दुसरी तपासणी दुर्बिणीची. तोंडातून एक लवचीक नळी आत घालतात. तिच्या टोकाशी दिवा आणि कॅमेरा असतो. अस्तरावर व्रण किंवा गाठ नाही ना, हे डॉक्टर प्रत्यक्ष पाहतात आणि शंका आली तर लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयास पाठवितात. हे काम फार जपून करावे लागते. नळी चुकून पिशवीत शिरली आणि जोर लावला गेला, तर पातळ भिंतीला भोक पडू शकते.

तिसरी तपासणी दाबमापनाची. ही सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या दोन तपासण्या पिशवी दाखवितात. ही पिशवीचे कारण दाखविते. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत सोडतात. तिच्यावर ठराविक अंतरावर दाब मोजणारी साधने असतात. रुग्ण पाण्याचे लहान घोट गिळतो आणि यंत्रावर प्रत्येक पातळीवरील दाब नोंदला जातो. धरणावर जागोजागी पाण्याची पातळी मोजावी, तसेच हे. लाट क्रमाने येते का? दरवाजा सैल होतो का? किती? या प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात.

शस्त्रक्रिया: आधी दरवाजा, मग पिशवी

पिशवी दिसली की ती कापावी, असे प्रत्येक वेळी नसते. ती लहान असेल आणि त्रास नसेल, तर डॉक्टर केवळ लक्ष ठेवतात. पण घास अडणे, अन्न उलटणे, वजन घटणे, छातीत वारंवार संसर्ग होणे असा त्रास असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा: केवळ पिशवी कापून टाके घातले, तर काम भागेल काय? दरवाजा बंदच आहे, दाब तसाच आहे. तो दाब थेट नव्या टाक्यांवर येईल. टाके उसवतील, किंवा पुन्हा दुसरी पिशवी होईल. टायरची चीर तशीच ठेवून ट्यूब बदलण्यासारखेच हे झाले. म्हणून शस्त्रक्रियेचे तीन भाग असतात.

एक, पिशवी काढणे. तिचे तोंड मोकळे करून स्टेपलर नावाच्या उपकरणाने ते बंद करतात आणि पिशवी कापून घेतात. हे उपकरण एकाच वेळी टाचण्यांच्या रांगा मारते आणि मधोमध कापते. त्या वेळी अन्ननलिकेत एक जाड नळी ठेवलेली असते. त्यामुळे पिशवी काढण्याच्या भरात मूळ वाट अरुंद होत नाही. मग त्या जागेवर स्नायू परत शिवून घेतात.

दोन, दरवाजा मोकळा करणे. पिशवीच्या दुसऱ्या बाजूला नळीचा आवळलेला स्नायू उभा चिरतात. ही चीर पिशवीच्या पातळीपासून दरवाजा ओलांडून जठरावर दोनेक सेंटीमीटरपर्यंत नेतात. फक्त स्नायू चिरावयाचा, आतल्या अस्तराला धक्का लागू द्यावयाचा नाही. काही मिलिमीटरांचा हा खेळ आहे!

तीन, उलट प्रवाह रोखणे. दरवाजा कायमचा सैल झाला, तर जठरातील आम्ल वर चढेल. २०२१ च्या डिसेंबरात राधानगरी धरणाचा एक सेवा दरवाजा देखभालीच्या वेळी अडकून उघडाच राहिला आणि पाऊस नसतानाही भोगावती फुगली. न उघडणारा दरवाजा जितका वाईट, तितकाच न मिटणारा! म्हणून जठराच्या वरच्या भागाची घडी अन्ननलिकेच्या पुढून अर्धवट लपेटून शिवतात. घास खाली जातो, पण आम्ल सहजी वर येत नाही.

पूर्वी यासाठी छाती उघडावी लागे. काही रुग्णांत आजही लागते. पण आता बरेचदा पोटावर पाच लहान छिद्रे पाडून, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून, दुर्बिणीच्या साह्याने हे काम करतात. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. त्या वाटेने पुढे गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या.

धोके नाहीत, असे मात्र नाही. भूल देतानाच पिशवीतील अन्न फुप्फुसांत जाऊ शकते. म्हणून रुग्णाला आदल्या दिवसापासूनच केवळ पातळ पदार्थ देतात आणि गरज पडल्यास पिशवी धुऊन काढतात. सर्वांत मोठी भीती शिवण गळण्याची असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी रुग्णाला क्ष-किरणांत दिसणारा द्रव पाजून शिवण तपासतात. ती घट्ट असेल तर आधी पेज, मग मऊ भात आणि काही आठवड्यांनी भाकरी.

मागे वळून पाहू

या ज्ञानाची वाट लांबची आहे. १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच वर्षी, इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी घास न उतरणाऱ्या एका रुग्णाची हकीकत छापली. त्यांनी देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीच्या टोकाला स्पंज बांधला आणि त्या काठीने अडलेले अन्न जठरात ढकलावयास रुग्णाला शिकविले. तो रुग्ण अनेक वर्षे असाच जेवला! १९१३ मध्ये, इकडे भोगावतीवर धरणाचे काम चालू असताना, तिकडे जर्मनीत लाइपझिग येथे अर्न्स्ट हेलर यांनी प्रथमच हा आवळलेला स्नायू चिरून दरवाजा मोकळा केला. त्यांचे नाव या शस्त्रक्रियेला आजही आहे. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडातून दुर्बीण घालून, अस्तराखाली बोगदा करून, बाहेर एकही छेद न देता तोच स्नायू चिरला. साधने बदलली, पण तत्त्व तेच राहिले: दाबाचे कारण शोधा आणि ते दूर करा.

करून पाहा

एका लांब पायमोज्यात लिंबू टाका. लिंबाच्या मागे बोटांचे कडे करून आवळत चला. लिंबू पुढे सरकेल. हा झाला क्रमसंकोच. आता मोज्याचे पुढचे टोक मित्राला घट्ट धरावयास सांगा. लिंबू तेथे अडेल आणि मोजा बाजूने फुगेल.

दुसरा प्रयोग कानाचा. मित्राच्या उरोस्थीच्या खालच्या टोकाशी कान लावा आणि त्याला पाण्याचा एकच घोट गिळावयास सांगा. घड्याळ पाहा. गिळल्यानंतर साधारण ६ ते १० सेकंदांनी बारीक 'गुळुक्' असा आवाज येतो का? तो घोट जठरात उतरल्याचा आवाज! नेहमीच ऐकू येतो असे नाही, पण दोन-चार वेळा प्रयत्न करा.

आणि एक काम घरी करा. आजी-आजोबांबरोबर जेवावयास बसाल, तेव्हा थोडे लक्ष द्या. घासागणिक पाणी लागते का? अन्न तासाभराने परत तोंडात येते का? रात्री ठसका लागतो का? असे काही दिसले, तर सोड्याच्या चिमटीवर भागवू नका आणि दृष्टही काढत बसू नका. जे पाहिले ते डॉक्टरांना नीट सांगा. नववीतल्या मुलीने पाहिलेली चार शितेही रोगाचा माग दाखवू शकतात!